फळ्यावरची न पुसलेली रेघ

मी एक जुना फळा आहे. फळा म्हटले की तुम्हाला वर्ग आठवेल, बाक आठवतील, डस्टरची धूळ आठवेल. पण मित्रांनो, माझे सगळे शालेय शिक्षण अर्ध्या तासात आटोपले. मला वर्गात नेले, भिंतीला लावून पाहिले, आणि तसेच बाहेर आणले. दार आणि खिडकी यांच्यामधल्या जागेत मी मावतच नव्हतो.

चूक माझी नव्हती. मुख्याध्यापकांनी माप शिपायाला तोंडी सांगितले, शिपायाने ते सुताराला सांगितले, आणि वाटेत कुठेतरी माझी लांबी वीतभर वाढली. सुतार चिडला, मुख्याध्यापकही चिडले. दोघेही तक्रार घेऊन एकाच वकिलाकडे गेले आणि मलाही पुरावा म्हणून सोबत घेऊन गेले.

ते आमचे वकीलसाहेब. अंगाने किडकिडीत, आवाजाने दणदणीत. त्यांनी दोघांना एकच प्रश्न विचारला, "माप लिहून कुणी घेतलं होतं?"

दोघेही माझ्याकडे पाहू लागले, जणू मीच लिहून घ्यायला हवे होते.

"म्हणजे सगळा कारभार ऐकीव," वकीलसाहेब म्हणाले. "ऐकीव गोष्टीवर कोर्टात खटला उभा राहत नाही आणि भिंतीवर फळाही उभा राहत नाही. मिटवा आता!"

त्यांनी ते मिटवलेही. सुताराने शाळेला दुसरा फळा करून दिला आणि मी वकीलसाहेबांकडेच राहिलो. त्यांचे कार्यालय पहिल्या मजल्यावर होते. खाली, जिन्याच्या तोंडाशी, रस्त्याकडच्या भिंतीवर त्यांनी मला ठोकून घेतले. वर छोटे छप्पर, खाली खडू ठेवायला पट्टी. अशी माझी नोकरी सुरू झाली.

काम सोपे होते. रोज सकाळी कोर्टात जाण्याआधी वकीलसाहेब ओल्या फडक्याने मला पुसत आणि माझ्यावर तीन ओळी लिहीत. पहिली गावातल्या घडामोडींवर, दुसरी राजकारणावर, तिसरी खेळावर. जाहिरात नाही, उपदेश नाही. मनात आले ते लिहायचे आणि काळा कोट खांद्यावर टाकून निघून जायचे.

आता माझी एक अडचण सांगतो. मित्रांनो, फळ्याला स्वतःचा चेहरा दिसत नाही! खडू कुठून कुठे गेला ते कळते, पण काय लिहिले ते कळत नाही. त्यामुळे रोज सकाळी मला भारी उत्सुकता लागायची. समोरच्या शिंपीकाकांचे दुकान उघडले की ते गळ्यातली टेप सावरत यायचे आणि मोठ्याने वाचायचे. तेव्हा कुठे मला समजायचे की आज मी काय बोलतो आहे.

"'नव्या पुलाचे उद्घाटन झाले. वाहतूक जुन्या पुलावरून सुरळीत चालू आहे.'" शिंपीकाका हसायचे. पुढे वाचायचे, "'दोन्ही उमेदवारांनी घरोघरी पाणी देण्याचे कबूल केले आहे. पाण्याला अद्याप कळवलेले नाही.'" मग तिसरी ओळ, "'आपला संघ हरला. पण वेळेवर हरला, त्यामुळे प्रेक्षकांना घरी लवकर जाता आले.'"

हळूहळू माणसे थांबू लागली. पोस्टमन सायकल भिंतीला टेकवून वाचायचा. दवाखान्यातली परिचारिका कामावर जाताना वाचायची आणि परतताना कुणाशी तरी त्यावर वाद घालायची. मी मात्र त्यांचे चेहरे वाचायचो. भुवया वर गेल्या की बातमी, ओठ मुडपले की राजकारण, आणि हात हवेत उडाले की फुटबॉल. फुटबॉल म्हणजे नेमके काय, हे मला ठाऊक नव्हते. गोल म्हणजे एखादा खड्डा असावा आणि त्यात चेंडू पडला की लोकांना आनंद होत असावा, असा माझा समज होता.

वकीलसाहेबांचा एक नियम तुम्हाला सांगायलाच हवा. एकदा त्यांनी लिहिले की वाचनालय गुरुवारी बंद राहील. ते बुधवारी बंद होते. बिचारी परिचारिका बुधवारी हेलपाटा घालून आली. वकीलसाहेब खाली आले, खडू घेतला आणि चुकलेल्या ओळीवरून एक सरळ रेघ ओढली. शेजारी सही केली, खाली बरोबर वार लिहिला.

"अहो, फडक्यानं पुसून टाका की," शिंपीकाका म्हणाले. "कुणाला कळणारे?"

"म्हणूनच पुसायचं नाही. कोर्टाच्या कागदावर खाडाखोड चालत नाही, काका. चुकलेलं वाचता आलं पाहिजे. वर एकच रेघ आणि शेजारी सही. म्हणजे चूक कुणाची तेही कळतं."

लोकांना ते फार आवडले. तेव्हापासून माझा शब्द म्हणजे पक्का शब्द झाला. 'फळ्यावर आलंय' म्हटले की वाद संपायचा. मलाही जरा शिंगे फुटली, खोटे कशाला बोलू!

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक घड्याळजी होते. डोळ्याला भिंग लावून दिवसभर बारीक चाकांत बुडालेले. बोलणे मोजके, हसणे त्याहून मोजके. पण रविवारी हा माणूस काळा शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर धावायचा. वीस वर्षे गावातल्या सगळ्या सामन्यांचे पंच तेच. त्यांना कुणी नेमले नव्हते, पण त्यांच्याशिवाय सामना सुरू होत नसे.

त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात शिंपीकाकांचा भाचा खेळत होता. शेवटच्या मिनिटाला त्याने मारलेला चेंडू आडव्या दांडीला लागून खाली पडला आणि गोलरक्षकाने उचलला. भाच्याच्या संघाने गोल झाला म्हणून नाच सुरू केला. पंचांनी हात हलवून 'नाही' म्हटले. सामना गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेब मला पुसत होते, तेवढ्यात शिंपीकाका तणतणत आले.

"हातभर आत होता चेंडू, साहेब! हातभर! सगळ्या मैदानानं पाहिला. त्या घड्याळजीला तेवढा दिसला नाही."

वकीलसाहेबांना कोर्टाची घाई होती. शिंपीकाका वीस वर्षांपासूनचे शेजारी, त्यांचा शब्द कशाला तपासायचा? त्यांनी क्षणभर विचार केला, स्वतःशीच हसले आणि तिसरी ओळ लिहिली. शिंपीकाकांनी ती वाचली आणि पोट धरून हसले.

"'काल चेंडू सगळ्यांना गोलात दिसला. पंचांचे भिंग मात्र दुकानातच राहिले असावे.'"

त्या दिवशी माझ्यासमोर जेवढे लोक हसले तेवढे कधीच हसले नव्हते. मीही आनंदात होतो. दुपारी घड्याळजी आले. थांबले, वाचले. मी त्यांच्या भुवया पाहिल्या, ओठ पाहिले. काहीच हलले नाही. ते नुसते वळले आणि निघून गेले. असा चेहरा मी तोवर वाचला नव्हता.

दुसऱ्या सकाळी ती ओळ नेहमीप्रमाणे फडक्याने पुसली गेली. पण लोकांच्या तोंडून ती कुठे पुसली जाते! "घड्याळजी, किती वाजले? नीट बघून सांगा हं," असे जो तो विचारू लागला. कुणीतरी त्यांच्या दुकानाच्या कडीला जुना चष्मा अडकवून ठेवला. घड्याळजींनी माझ्यासमोरून जाणे सोडले आणि मागच्या गल्लीने लांबचा फेरा घेऊ लागले. पुढच्या रविवारी सामन्याला शिट्टीच वाजली नाही. दोन्ही संघ तासभर एकमेकांशी भांडले आणि घरी गेले.

आता मी जे पाहिले ते सांगतो. त्याच आठवड्यात फोटोवाला शिंपीकाकांच्या दुकानात एक पाकीट घेऊन आला. भाच्याचे अंतिम सामन्यातले फोटो होते. काका कौतुकाने एकेक पाहू लागले आणि एका फोटोपाशी थबकले. तो त्यांनी खिडकीजवळ नेऊन पाहिला. चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला. मग इकडेतिकडे बघत पाकीट बटणांच्या खणात सारले. खण बंद करतानाचा त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसला. त्या फोटोत काय आहे, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. पण फळ्याला तोंड असते ते दुसऱ्याच्या खडूचे. मी काय करणार?

आठ-दहा दिवस गेले. रोज सकाळी मोठ्याने वाचणारे शिंपीकाका आता दुकानातूनच मान उंचावून पाहायचे आणि लगेच मशीन चालवायला घ्यायचे.

मग एका दुपारी घड्याळजी आले. माझ्याकडे पाठ करून ते थेट शिंपीकाकांच्या दुकानात शिरले. हातात तो काळा शर्ट होता, घडी केलेला.

"याची पिशवी होईल का हो?" त्यांनी विचारले. "कापड चांगलंय अजून. भाजी आणायला होईल."

काकांनी शर्ट घेतला, मापे घेतली, खडूने खुणा केल्या. घड्याळजी गेले. काकांनी कात्री उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. शेवटी उठून त्यांनी बटणांचा खण उघडला आणि एका हातात शर्ट, एका हातात पाकीट घेऊन रस्ता ओलांडला.

वकीलसाहेब नुकतेच कोर्टातून येऊन जिन्याशी उभे होते. सोबत त्यांची मुलगी होती. तीही वकीलच, तिला सगळे धाकट्या वकीलबाई म्हणत. काकांनी पाकिटातला फोटो पुढे केला.

तिने तो नीट पाहिला. "बाबा, चेंडू रेषेवर आहे. आत नाही. आणि हे बघा, पंच चार पावलांवर वाकून उभे आहेत, अगदी रेषेच्या समोर."

वकीलसाहेबांनी फोटो हातात घेतला.

"काका," धाकट्या वकीलबाईंनी विचारले, "त्या दिवशी तुम्ही कुठं बसला होता?"

"मी या टोकाला होतो गं. तिकडचं कुठं दिसतंय एवढ्या लांबून!"

"मग हातभर आत गेला, हे?"

"भाच्यानं सांगितलं." काकांनी मान खाली घातली. "तो तरी काय, चेंडू मारून पडला होता. त्याला कुणीतरी सांगितलं."

मग ती वडिलांकडे वळली. "आणि बाबा, तुम्ही?"

"मी गेलो नव्हतो."

"तरी लिहिलंत?"

रोज कोर्टात दुसऱ्याच्या साक्षीदाराला 'तुम्ही स्वतः पाहिलंत का?' असे दरडावून विचारणारा माणूस, स्वतःच्या मुलीसमोर कान पकडल्यासारखा उभा होता. ऐकीव मापावर जन्मलेला मी त्याच्या पाठीशी होतो. मला सुतार आठवला, मुख्याध्यापक आठवले. वकीलसाहेबांनाही आठवले असणार, कारण त्यांनी वळून एकदा माझ्याकडे पाहिले.

"उद्या लिहितो," ते म्हणाले.

"उद्या नगरपालिकेच्या निवडणुकीचा निकाल आहे, बाबा. सगळं गाव इथं येईल."

"तेव्हा हसायलाही सगळेच आले होते."

"पण ती ओळ तर केव्हाच पुसली गेली. आता खोडणार काय?"

"आधी पुन्हा लिहावी लागेल."

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वकीलसाहेब खाली आले, मला पुसले आणि लिहू लागले. शिंपीकाका वाचायला पुढे झाले आणि तसेच मागे सरले. शेवटी परिचारिकेने वाचले, "'चेंडू सगळ्यांना गोलात दिसला. पंचांचे भिंग मात्र दुकानातच राहिले असावे.'"

गर्दीत दोघेतिघे पुन्हा हसले. जुनाच विनोद का, असे कुणीतरी विचारले.

तेवढ्यात वकीलसाहेबांनी त्या ओळीवरून रेघ ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. खडूत कसलासा खडा होता आणि त्यांनी जोरही एवढा दिला की माझा रंग खरवडून आतल्या लाकडाला ओरखडा पडला. मला दुखले, मित्रांनो. पण मी हूं की चूं केले नाही. शेजारी त्यांनी सही केली आणि खाली लिहिले.

परिचारिका आता सावकाश वाचत होती. "'मी सामन्याला गेलो नव्हतो. ऐकून लिहिले. फोटोत चेंडू रेषेवर आहे. पंच बरोबर होते, मी चूक होतो. त्यांची सर्वांसमक्ष माफी मागतो.'"

कुणीच हसले नाही. तेवढ्यात निवडून आलेला उमेदवार समर्थकांसह वाजतगाजत येऊन पोहोचला. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"साहेब, आमचं नाव कुठंय?"

"तुमचा निकाल पाच वर्षं टिकणारे. उद्या लिहीन," वकीलसाहेब म्हणाले. "आज जागा नाही."

कुणीतरी धावत जाऊन घड्याळजींना सांगितले असावे. अकराच्या सुमारास ते आले, भिंग कपाळावर तसेच. लोकांनी वाट करून दिली. त्यांनी पहिली ओळ वाचली, तिच्यावरची रेघ पाहिली, सही पाहिली, मग खालचे सगळे वाचले. मी डोळ्यांत प्राण आणून त्यांचा चेहरा पाहत होतो. हनुवटी जराशी हलली, एवढेच.

"रविवारी सामना आहे," ते वकीलसाहेबांना म्हणाले. "साडेचारला. स्वतः या."

"येतो," वकीलसाहेब म्हणाले.

मग घड्याळजी रस्ता ओलांडून शिंपीकाकांकडे गेले. काकांनी काळा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. तुटलेले एक बटणही लावले होते. पिशवीचे नाव कुणीच काढले नाही.

त्या रविवारपासून वकीलसाहेबांनी एकही सामना चुकवला नाही. तिसरी ओळ ते स्वतः पाहूनच लिहू लागले. ती पूर्वीपेक्षा कमी मजेदार असायची, हे मान्य करायलाच हवे. पण लोक थांबून वाचत. त्या ओरखड्यावरून खडू जाताना जरा अडखळायचा आणि प्रत्येक वेळी वकीलसाहेब क्षणभर थांबायचे.

पुढे काळ बदलला. बातम्या लोकांच्या हातातल्या फोनवर आधीच येऊ लागल्या. पोस्टमन निवृत्त झाला. वकीलसाहेबांना जिना चढवेना, तेव्हा कार्यालय धाकट्या वकीलबाईंकडे आले. जिन्याला काचेचे दार बसवताना मला काढले आणि वरच्या खोलीत कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवले. किती वर्षे, कुणास ठाऊक. आयुष्यभर चेहरे वाचलेल्या मला समोर नुसती भिंत! पाठीला फायलींचे गठ्ठे टेकवले, कोपऱ्यात वाळवी लागली. मला वाईट वाटायचे, आणि त्याहून जास्त, बाहेर काय चालले आहे हे कळत नाही म्हणून तळमळ व्हायची.

एके दिवशी खोलीत ओळखीचा आवाज आला. "तो फळा आहे का अजून?" घड्याळजी विचारत होते. "मैदानावर गुण लिहायला काही नाही. तिथं भिंतही नाही आणि खिडकीही नाही. मावेल तो."

शिंपीकाकांच्या भाच्याने मला उचलले. तो आता मुलांना खेळ शिकवतो. त्याने वाळवी काढली, ऊन दाखवले, दोन खांबांवर उभे केले. आणि मित्रांनो, मी पहिल्यांदा मैदान पाहिले! गोल म्हणजे खड्डा नव्हे, हे मला म्हातारपणी कळले. केवढी ती हिरवी जागा, केवढी ती पळापळ, आणि चुन्याची ती रेषा किती बारीक!

पहिल्याच सामन्यात चेंडू दांडीला लागून त्या रेषेवर पडला. अर्धे लोक 'गोल' म्हणून ओरडले, अर्धे 'नाही' म्हणून. मी तर अगदी समोर होतो, डोळे फाडून पाहत होतो. तरी मला सांगता आले नसते. घड्याळजींनी शिकवलेली एक तरुण पंच मुलगी धापा टाकत तिथवर पळाली, वाकली आणि मगच हात वर केला. एवढ्या लांबून, न पाहताच आम्ही त्या माणसावर हसलो होतो! मला त्या दिवशी फार लाज वाटली.

वकीलसाहेब काठी टेकत येतात. घड्याळजी त्यांच्या शेजारी बसतात. काल भाचा रंगाचा डबा आणि लाकडातल्या भेगा बुजवायची लांबी घेऊन आला. उद्या मला नवा रंग मिळणार आहे. त्याने माझ्या अंगावरून हात फिरवला आणि विचारले, "हा ओरखडा लांबी भरून बुजवू ना?"

"बुजव की," घड्याळजी म्हणाले. "किती वर्षं झाली त्याला. साहेबांना उगाच रोज दिसतो."

"हात लावू नकोस," वकीलसाहेब म्हणाले. "तुमच्यासाठी ओढलीय ती रेघ, घड्याळजी. राहू दे."

एक जण दुसऱ्यासाठी बुजवा म्हणतो, दुसरा पहिल्यासाठी राहू द्या म्हणतो. भाचा डबा हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत बसला आणि अजून काही ठरलेले नाही.

म्हणून मित्रांनो, उद्या रंग द्यायला तुम्ही मुलेही येणार आहात, तर माझे एवढे ऐका. माझ्या कडा घासा, वाळवीचे औषध लावा, वर छप्पर करा. मला पावसात भिजत ठेवू नका. माझ्यावर गुण लिहाल ते स्वतः पाहून लिहा. आणि रंग द्या, पण लांबी भरू नका. माझ्यावर हजारो ओळी आल्या आणि फडक्याने पुसून गेल्या. मला माझा चेहरा कधी दिसला नाही. पण त्यावर नेमके काय आहे, हे मला न वाचता कळते, ते त्या एकाच रेघेपुरते. तेवढी माझ्याकडे राहू द्या.